कापसाच्या पेठेतलं गाणं

अमेरिकेच्या दक्षिणेतलं मेम्फिस शहर पाहुण्याला आल्या आल्या विचारतं, तुम्ही संगीतवाले की इतिहासवाले? हॉटेलच्या दारातल्या फडताळात पत्रकांचे दोन गठ्ठे असतात. संगीताची पत्रकं निऑनच्या निळ्या-गुलाबी रंगात, त्यांवर गिटार, सॅक्सोफोन आणि एल्व्हिस प्रेस्लीचे तेल लावून वळवलेले केस. इतिहासाची पत्रकं काळी-पांढरी, त्यांवर मोर्चे आणि मार्टिन ल्यूथर किंग. दोन्हींची तिकिटं वेगळी, बस वेगळी आणि बसमधल्या गाइडचा आवाजही वेगळा. एका बसमध्ये टाळ्या वाजवायच्या, दुसरीत गप्प बसायचं.

माझा भाचा नॅशव्हिलला असतो. त्यानं माझा कार्यक्रम फोनवरच उरकला. “मामा, सकाळी ग्रेसलँड, दुपारी किंग यांचं म्युझियम, संध्याकाळी बील स्ट्रीटवर ब्लूज ऐका. रात्री परत या, तीन तासांचा तर रस्ता आहे.” मी मुक्कामच ठोकला. गाणं आणि इतिहास यांची अशी वाटणी करता येते यावर माझा विश्वास बसत नव्हता. निदान एका शहराला तरी ती करता आली असेल तर ती कशी, हे मला बघायचं होतं.

सुरुवात मी दोन्ही गठ्ठ्यांत नसलेल्या जागेपासून केली. मिसिसिपीच्या पूर्व काठावर, पुराच्या पाण्यापासून उंच अशा कड्यावर १८१९ साली हे गाव आखलं गेलं. समोरची अफाट नदी पाहून संस्थापकांना नाईल आठवली आणि त्यांनी इजिप्तच्या जुन्या राजधानीचं नाव उचललं. त्या नावाला जागायचं म्हणून शहरानं १९९१ मध्ये नदीकाठी खराखुरा चकचकीत पिरॅमिडही बांधला. आधी तिथे बास्केटबॉलचे सामने होत, आता आत शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं अवाढव्य दुकान आहे. पण हे गाव मोठं झालं ते नावामुळे नव्हे. दक्षिणेकडच्या काळ्या, गाळाच्या जमिनीतला कापूस इथे नदीवाटे यायचा आणि इथून जगभर जायचा. नदीला समांतर असलेल्या फ्रंट स्ट्रीटवर कापूस दलालांच्या पेढ्यांची रांग होती. युनियन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीत, जिथे सौदे होत त्याच दालनात आता कापसाचं छोटं म्युझियम आहे.

माझं बालपण खामगावात गेलं. आजोबा अडत्या. त्यामुळे त्या दालनातलं पहिलंच छायाचित्र पाहून मी थबकलो. एक माणूस रुईचा पुंजका दोन्ही चिमटींत धरून हलकेच ओढतोय आणि उजेडाकडे तोंड करून तंतूची लांबी बघतोय. आजोबा ओसरीवर उभे राहून नेमकं हेच करत. रंग, कचरा, धाग्याची लांबी; सगळा भाव त्या चिमटीत ठरायचा. आमच्याकडच्या कापसाचं नशीबही एकदा या दक्षिणेशी बांधलं गेलं होतं. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात इथला माल लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आभाळाला भिडले. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या त्याच पैशावर निघाल्या. युद्ध संपलं आणि मुंबईची तेजी एका वर्षात कोसळली. शाळेत आम्ही हे मुंबईचा इतिहास म्हणून शिकलो. त्या तेजीचं दुसरं टोक इथल्या शेतांत गुलामांच्या पाठीवर होतं, हे मात्र धड्यात नव्हतं.

गुलामी संपली तेव्हा माणसं मोकळी झाली, जमीन मात्र मालकाचीच राहिली. मग बटईची शेती आली. बियाणं, खेचर, पीठ-मीठ सगळं मालकाच्या दुकानातून उधार; वर्षाअखेरीस हिशोब मालकाच्या वहीत, आणि तो बहुतेक वेळा देणंच दाखवायचा. ज्याला वऱ्हाडातल्या सावकारीच्या गोष्टी माहीत आहेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ब्लूज नावाचं गाणं या वहीच्या मुलखातलं आहे. शनिवारी रात्री हाताशी गिटार आणि खिशात चार नाणी असलेली माणसं रेल्वेनं, ट्रकनं मेम्फिसला येत. आणि गोऱ्यांच्या शहरात त्यांना ज्या एका रस्त्यावर ताठ मानेनं चालता येई तो रस्ता म्हणजे बील स्ट्रीट.

हा रस्ता त्यांचा कसा झाला, याची गोष्ट एका साथीत आहे. १८७८ मध्ये पीतज्वरानं मेम्फिसमध्ये पाच हजारांहून अधिक माणसं मेली. ज्यांना परवडलं ते हजारोंनी पळाले. शहर इतकं भिकेला लागलं की पुढच्या वर्षी त्याची सनदच गेली, ते कायद्यानं शहर राहिलं नाही. अशा पडत्या काळात रॉबर्ट चर्च या गृहस्थानं जमिनी घेतल्या. आई गुलाम, बाप गोरा बोटकप्तान. शहर पुन्हा उभं करण्यासाठी काढलेल्या रोख्यांतही त्यानं पैसा घातला. पुढे १८९९ मध्ये त्यानं बीलवर बाग आणि सभागृह बांधलं, कारण शहरातल्या बागांमध्ये कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. त्या सभागृहात वाद्यवृंद चालवायला आलेला कॉर्नेटवादक म्हणजे डब्ल्यू. सी. हँडी. १९०९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत क्रम्प नावाच्या उमेदवारासाठी त्यानं प्रचाराची धून बांधली. तीच १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ म्हणून छापली गेली आणि शेतातलं गाणं कागदावर, नोटेशनमध्ये, देशभर विकलं गेलं. हँडीचं इवलंसं लाकडी घर आता उचलून बील स्ट्रीटवर आणून ठेवलंय. क्रम्पसाहेबांनी मात्र त्यानंतर कित्येक दशकं शहर आपल्या मुठीत ठेवलं. ब्लूजच्या अगदी सुरुवातीच्या छापील गाण्यांपैकी हे गाणं निवडणुकीच्या धामधुमीतून निघालं, हे संगीताच्या पत्रकात एका ओळीत येतं आणि इतिहासाच्या पत्रकात येतच नाही.

हँडीच्या पुतळ्यापासून थोडं पुढे गेलं की आयडा बी. वेल्स यांचा पुतळा लागतो. तो २०२१ मध्ये उभा राहिला. वेल्स याच रस्त्यावरून वृत्तपत्र चालवत. १८९२ मध्ये त्यांच्या तीन परिचितांना जमावानं ठार मारलं. त्या तिघांचा अपराध एवढाच, की त्यांनी चालवलेलं किराणा दुकान समोरच्या गोऱ्या दुकानदारापेक्षा चांगलं चालत होतं. वेल्स यांनी लिहायला सुरुवात केली, जमावाच्या हत्यांमागची खोटी कारणं उघडी पाडली. त्या गावाबाहेर असताना त्यांचा छापखाना फोडला गेला, परतलात तर जीव जाईल असा निरोप आला. पुतळ्याशी मी उभा होतो तेव्हा पलीकडच्या बारमधून दुपारचा पहिला ड्रम ऐकू येत होता. पर्यटक तिथे फोटो काढत होते ते मुख्यतः पाठीमागच्या निऑन पाटीचे.

ब्लूजगायक बी. बी. किंग याच रस्त्यावर घडला. मिसिसिपी राज्यातल्या शेतात ट्रॅक्टर चालवणारा रायली किंग इथे आला आणि डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर लागला. मालक गोरे असूनही सगळे निवेदक कृष्णवर्णीय आणि सगळा कार्यक्रम त्यांच्यासाठी, असं १९४९ मध्ये झालेलं हे देशातलं पहिलं केंद्र. ‘बील स्ट्रीटचा ब्लूज बॉय’ हे रेडिओवरचं टोपणनाव आखडत आखडत बी. बी. झालं. आज त्याच्या नावाचा क्लब कोपऱ्यावर आहे, गर्दी तुफान असते आणि गाणं खरोखर चांगलं असतं. हे सांगायला हवं, कारण आपण पर्यटनाच्या नावानं नाक मुरडतो तेव्हा वाजवणाऱ्यांवर अन्याय करतो. मी ऐकलेला एक साठीतला गिटारवादक सायंकाळपासून मध्यरात्रीपर्यंत वाजवत होता. समोरच्या बादलीत पडणाऱ्या नोटांकडे अधूनमधून बघत होता, आणि तरीही एखादा सूर असा लांबवत होता की हातातला ग्लास खाली ठेवावासा वाटावा.

पण बील स्ट्रीट दिवसा पाहावा. मग कळतं की रस्त्याच्या दोन-तीन चौकांपलीकडे काहीच नाही: मोकळी मैदानं, पार्किंग, एक स्टेडियम. एका बारच्या बाजूला तर तीन मजली जुन्या इमारतीची नुसती दर्शनी भिंत लोखंडी टेकूंवर उभी आहे, तिच्या मागे इमारतच नाही. साठच्या दशकाअखेरीस आणि सत्तरच्या दशकात ‘नवनिर्माणा’च्या नावाखाली भोवतालच्या वस्तीतल्या शेकडो इमारती पाडल्या गेल्या. माणसं गेली, न्हाव्याची दुकानं गेली, दंतवैद्य, वकील, गहाणवटीचे पेढीवाले गेले. १९८३ मध्ये रस्ता पुन्हा उघडला तो करमणुकीचा भाग म्हणून. गाणं ठेवून घेतलं आणि ते गाणाऱ्यांची वस्ती हटवली. संगीत आणि इतिहास यांची फारकत झाली ती इथे, बुलडोझरनं.

सन स्टुडिओ आणि ग्रेसलँड ही संगीत-यात्रेची दोन मोठी धामं. सन स्टुडिओ म्हणजे युनियन अव्हेन्यूवरची एक लहानशी खोली. सॅम फिलिप्सनं ती १९५० मध्ये उघडली तेव्हा तो शेतातून आलेल्या कृष्णवर्णीय गायकांचे आवाज टिपत होता. हाऊलिन वुल्फसारख्यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं इथलीच. जुलै १९५४ मध्ये एल्व्हिसची जी पहिली तबकडी इथे निघाली तिच्या एका बाजूला आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचं ब्लूज आहे, दुसऱ्या बाजूला गोऱ्या खेड्यांमधलं ब्लूग्रास. अमेरिकेतल्या दोन कप्प्यांमध्ये त्या पोरसवदा ट्रक ड्रायव्हरनं खिडकी पाडली, हे खरंच. पण त्यानंतर स्टुडिओचं लक्ष गोऱ्या गायकांकडे वळलं. सनला पहिलं मोठं यश मिळवून देणारा रूफस थॉमस मागे पडला आणि ती सल त्यानं पुढे बोलूनही दाखवली. ग्रेसलँडबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. एल्व्हिसनं १९५७ मध्ये घेतलेला बंगला, हिरवा गालिचा छतालासुद्धा, खासगी विमानं, बागेत समाधी. वरचा मजला बंद. मला ते घर आवडलं ते एका कारणानं: गरिबीत वाढलेल्या मुलाला अचानक पैसा मिळाल्यावर घर कसं सजवावंसं वाटेल, त्याचं ते प्रामाणिक चित्र आहे.

खरा धक्का स्टॅक्समध्ये बसला. शहराच्या दक्षिणेला मॅकलमोर अव्हेन्यूवर एक बंद पडलेलं थिएटर होतं. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावंडांनी १९६० मध्ये ते भाड्यानं घेतलं. दोघांच्या आडनावांतून स्टॅक्स हे नाव निघालं. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची उतरती जमीन तशीच राहिली, आणि त्या उतारामुळे खोलीचा नाद वेगळाच झाला. पुढच्या भागात, जिथे पूर्वी मध्यंतरात खाऊ विकत, एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान काढलं. गल्लीतली पोरं तिथे तासन्‌तास रेकॉर्डी ऐकत. त्यांच्या पायांची थाप बघून कुठली चाल चालेल याचा बाई अंदाज बांधत. त्याच वस्तीत राहणारा बुकर टी. जोन्स, समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर, असे आजूबाजूचेच लोक पुढे सोल संगीताचे मानकरी झाले. बुकर टी. अँड द एमजीज या घरच्या वाद्यवृंदात दोघे कृष्णवर्णीय, दोघे गोरे. ज्या शहरात हे चौघे एका टेबलावर सहज जेवू शकत नव्हते त्या शहरात ते एका खोलीत रोज एकत्र वाजवत होते.

मग ते जेवायला कुठे जात? उन्हाळ्यात अंगाची लाही होई तेव्हा पोहायला कुठे जात? बाहेरगावचे गायक उतरत कुठे? या सगळ्याचं उत्तर एकच होतं: लोरेन मोटेल. वॉल्टर बेली आणि त्यांची पत्नी लोरी यांचं हे मोटेल कृष्णवर्णीयांसाठी होतं, पण आलेल्या कुणालाच ते परत पाठवत नसत. गायक विल्सन पिकेट आणि एमजीजचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी ‘इन द मिडनाइट अवर’ १९६५ मध्ये लोरेनच्या खोलीत रचलं. पुढच्या वर्षी क्रॉपर आणि गायक एडी फ्लॉइड यांनी वादळाच्या एका रात्री तिथेच ‘नॉक ऑन वुड’ रचलं. जगभर ज्यावर लोक नाचले ती गाणी या मोटेलच्या पलंगांवर बसून लिहिली गेली.

आणि त्याच मोटेलच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर, गॅलरीत, ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली. लोरीबाईंना त्याच संध्याकाळी पक्षाघाताचा झटका आला आणि किंग यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी त्या गेल्या. आज मोटेल म्हणजे नागरी हक्कांचं राष्ट्रीय म्युझियम आहे. गॅलरीच्या कठड्यावर फुलांचं चक्र, खाली त्या काळच्या दोन पांढऱ्या गाड्या. बंदूक जिथून चालली ती समोरची भाड्याच्या खोल्यांची इमारतही म्युझियमचाच भाग आहे. मोटेलमधून सर्वांत शेवटी बाहेर काढलेली भाडेकरू बाई १९८८ पासून समोरच्या फुटपाथवर धरणं धरून होती. तिचं म्हणणं सरळ होतं: म्युझियमच्या पैशात गरिबांना घरं द्या, किंग यांना तेच आवडलं असतं. म्युझियम अतिशय चांगलं आहे आणि तरीही त्या बाईचा मुद्दा खोडून काढणं मला जमलं नाही.

किंग मेम्फिसला कशासाठी आले होते? कचऱ्यासाठी. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस होता. कचरागाडीच्या मागच्या भागात आडोशाला बसलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार बिघडलेल्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर एवढंच लिहिलेलं होतं, की मी माणूस आहे. २८ मार्चचा मोर्चा किंग यांच्या नेतृत्वाखाली क्लेबॉर्न टेंपल या चर्चपासून निघाला आणि वळला तो बील स्ट्रीटवर. तिथेच काचा फुटल्या, अश्रुधूर सुटला, त्या दिवशी सोळा वर्षांचा एक मुलगा पोलिसांच्या गोळीनं गेला. शांततेनं पुन्हा मोर्चा काढून दाखवायचाच म्हणून किंग एप्रिलमध्ये परतले. ३ तारखेच्या वादळी रात्री त्यांनी आयुष्यातलं शेवटचं भाषण केलं. ४ तारखेला गॅलरीतून खाली वाकून ते बेन ब्रँच या मेम्फिसच्याच सॅक्सोफोनवादकाशी बोलत होते. रात्रीच्या सभेत एक विशिष्ट प्रार्थनागीत वाजव आणि छान वाजव, असं सांगत होते. ते गीत थॉमस डॉर्सी यांचं. डॉर्सी हे आधी ब्लूज वाजवणारे पियानोवादक होते. बायको आणि तान्हं मूल पाठोपाठ गमावल्यावर त्यांनी ते रचलं होतं. म्हणजे मृत्यूच्या क्षणाआधी त्या गॅलरीत जे चाललं होतं ती गाण्याची फर्माईशच होती. हा प्रसंग कुठल्या गठ्ठ्यात घालायचा?

आपल्याला ही गुंतागुंत अनोळखी नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या प्रश्नांतलं साम्य सांगितलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरकडे बघत, आणि ती उभी करणारे कवी होते. कापसावरच जगणाऱ्या गिरणगावानं अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं कलापथक पाहिलं. तिथे डफ कुठे थांबतो आणि सभा कुठे सुरू होते हे सांगता आलं नसतं. त्या गिरण्यांच्या आवारात आज मॉल आणि महागडी हॉटेलं आहेत. उद्या तिथे कुणी शाहिरीची संध्याकाळ भरवली तर मला मेम्फिसची टेकूवरची भिंत आठवेल.

स्टॅक्सचं दिवाळं १९७५ च्या डिसेंबरात निघालं, १९८९ मध्ये इमारत पाडली गेली. आता उभं आहे ते २००३ मध्ये उघडलेलं, जुन्या आराखड्यावर बांधलेलं म्युझियम. उतरती जमीनसुद्धा मुद्दाम तशीच केलेली. शेजारी वस्तीतल्या मुलांसाठी संगीतशाळा आहे, तेवढं मला जिवंत वाटलं. क्लेबॉर्न टेंपल मी पाहिलं तेव्हा ते दुरुस्तीच्या पराच्यांत होतं; २०२५ च्या एप्रिलमध्ये आगीनं ते जवळजवळ संपवलं. शेजारच्या चौकात संपकऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत.

संप मिटला १६ एप्रिल १९६८ ला. युनियनला मान्यता मिळाली, पगार वाढला, पण म्हातारपणाला पुरेल असं निवृत्तिवेतन हाती आलं नाही. २०१७ मध्ये शहरानं हयात संपकऱ्यांना प्रत्येकी पन्नास हजार डॉलर द्यायचं जाहीर केलं, तेव्हा त्यांतले काही जण अजून कामावर होते. म्युझियममध्ये फलक घेतलेल्या संपकऱ्यांचे पुतळे पाहून पर्यटक डोळे पुसत होते, आणि त्याच संपातली माणसं बाहेर शहराचा कचरा उचलत होती.

बील स्ट्रीटवर सकाळी सातला रस्ता धुतला जात असतो. रात्रीच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे पेले, बरगड्यांची हाडं असा ढीग असतो. तो उचलायला येणारे बहुतेक चेहरे कृष्णवर्णीयच असतात. मेम्फिस पाहायला जाणाऱ्यानं तिकीट काढण्याआधी एकदा त्या वेळी तिथे जावं. मग संगीताच्या दारातून आत शिरा की इतिहासाच्या, तुम्ही त्याच घरात पोचाल.